तुमचा पेपर, तुमची फाईल: रिपॉझिटरीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शोधगंगा आणि विद्यापीठांच्या रिपॉझिटरीवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, आणि त्यावर इतके ईमेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी हा शब्द आत्ताच ऐकला त्यांच्यासाठी सांगते, रिपॉझिटरी म्हणजे विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या लायब्ररीने सांभाळलेलं ऑनलाइन भांडार, तिथे त्या संस्थेतल्या लोकांचे पेपर, प्रबंध, अहवाल ठेवतात आणि कोणीही, लॉगिन नाही की पैसे नाहीत, ते उघडून वाचू शकतो. आपल्या देशात पहिलं असं भांडार बंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्था) २००२ मधे सुरू केलं. प्रबंधांचं सगळ्यात मोठं भांडार म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) लायब्ररी केंद्राची शोधगंगा, तिथे आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या लायब्ररीत हेच अपलोडचं काम केलंय, त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. माझा पेपर एका मोठ्या परदेशी प्रकाशकाच्या जर्नलमधे आलाय. विद्यापीठाच्या लायब्ररीतून मेल आला की पेपर रिपॉझिटरीत टाका. पण मी तर कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून बसलेय. टाकला आणि प्रकाशकाने नोटीस पाठवली तर? (एक प्राध्यापिका, लातूर)

उत्तर: ताई, भीती बरोबर आहे पण ती एका विशिष्ट फाईलपुरतीच आहे. तुमच्या एकाच पेपरच्या तीन फाईली असतात हे आधी लक्षात घ्या. पहिली, तुम्ही जर्नलला पाठवलेली मूळ फाईल, तिला प्रीप्रिंट म्हणतात. दुसरी, पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने जे जे सुचवलं ते सगळं दुरुस्त करून तुम्ही शेवटची पाठवलीत आणि जी जर्नलने मान्य केली ती, म्हणजे ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. आणि तिसरी, प्रकाशकाने दोन कॉलममधे बसवून, लोगो लावून, पानाचे नंबर टाकून केलेली छापील पीडीएफ. ही तिसरी फाईल बहुतेक वेळा टाकता येत नाही, आणि लोक नेमकी तीच पाठवतात! दुसरी मात्र बहुतेक मोठे प्रकाशक टाकू देतात, फक्त प्रत्येकाची अट वेगळी. स्प्रिंगर म्हणतं पेपर प्रसिद्ध झाल्यावर १२ महिने थांबा मग रिपॉझिटरीत खुला करा, सेज थांबायला सांगत नाही, एल्सव्हिअरचा थांबायचा काळ जर्नलप्रमाणे बदलतो आणि वर त्या फाईलवर क्रिएटिव्ह कॉमन्सचं ठरावीक लायसन्स, म्हणजे ती फाईल इतरांनी कशी वापरायची याचा परवाना, लिहायला लागतं. थांबायच्या या काळाला एम्बार्गो म्हणतात. तुमच्या जर्नलचं काय ते बघायला जिस्क या ब्रिटिश संस्थेचं ओपन पॉलिसी फाइंडर आहे, जुन्या लोकांना ते शेर्पा रोमिओ या नावाने माहीत असेल, जर्नलचं नाव टाकलं की कुठली फाईल, कुठे, किती महिन्यांनी ते सगळं येतं. आणि एम्बार्गो चालू असला तरी फाईल लायब्ररीत आजच द्या, शीर्षक आणि सारांश लगेच दिसतो, फाईल ठरल्या तारखेला उघडते. वाट बघत बसलात तर १२ महिन्यांनी तुम्हालाही आठवत नाही आणि लायब्ररीलाही नाही.

आता खरी अडचण. ती दुसरी फाईल लोकांकडे नसतेच हो. ती असते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर, आणि विद्यार्थी पोस्टडॉकला गेलेला असतो, किंवा "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच" अशा सात फाईलींमधली कुठली ते कळत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे, ॲक्सेप्टन्सचा मेल आला की त्याच दिवशी, पेढे नंतर वाटा, ती शेवटची वर्ड फाईल आकृत्यांसकट पीडीएफ करा, नावात तारीख घाला आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. डीएसटी किंवा डीबीटीच्या (केंद्र सरकारचे विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभाग) प्रोजेक्टचे पैसे असतील तर त्यांच्या २०१४ च्या धोरणात ही फाईल ॲक्सेप्ट झाल्यापासून दोन आठवड्यांत जमा करा असंच म्हटलंय, बऱ्याच जणांना हे माहीतही नसतं. सहलेखकांना एक मेल टाकून कळवा मात्र, ते आपल्या माणसांच्या मानाचं आहे.

प्रश्न: पेपर ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचायला खुला, करायचा तर जर्नल लाखाच्या वर पैसे मागतंय. माझ्या गाइडचं म्हणणं की ओपन ॲक्सेस म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ. मग आम्ही काय करायचं? (संशोधक विद्यार्थी, पणजी)

उत्तर: गाइड सरांचा राग मला समजतो. नेचर या जर्नलने २०२१ पासून असा पर्याय दिला तेव्हा एका पेपरचे ९,५०० युरो सांगितले होते, आपल्याकडे एवढ्यात एका संशोधकाची फेलोशिप वर्षभर निघेल. पण हा एकच रस्ता नाहीये. जर्नलला पैसे देऊन पेपर खुला करणं याला गोल्ड म्हणतात, आणि वरच्या उत्तरात ताईंना जे सांगितलं, म्हणजे आपली मान्य झालेली फाईल आपल्या रिपॉझिटरीत ठेवणं, याला ग्रीन म्हणतात आणि ते फुकट आहे. एक रुपया लागत नाही. तुम्ही तर गोव्यात आहात, दोना पावलाच्या एनआयओ या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडार बघा, तिथे संस्थेतल्या लोकांचे कितीतरी पेपर ठेवलेत. तिसरा एक प्रकार डायमंड, त्यात पैसे लेखकाकडून नाही आणि वाचकाकडूनही नाही, इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं त्यातली.

एक सावधगिरी. "ओपन ॲक्सेस, चार दिवसांत छापून मिळेल, फक्त एवढे एवढे पाठवा" असे मेल येतात ते डिलीटच करा. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे चांगल्या जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मधे बंद झाली, त्यामुळे आता जर्नल चांगलं की वाईट हे आपल्यालाच आणि आपल्या विभागालाच बघायला लागतं. संपादक मंडळातल्या दोन जणांना सरळ मेल करून विचारा की तुम्ही खरंच तिथे आहात का.

आणि कोणी म्हणालं की आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, सगळ्यांना सगळं वाचायला मिळतंय, मग रिपॉझिटरी कशाला, तर त्यांना सांगा की जर्नलांची वर्गणी सरकारने भरायची ती योजना ६,००० कोटींची, तीन वर्षांची, आणि केंद्र-राज्य सरकारच्या संस्थांमधल्या लोकांपुरती आहे. तालुक्याच्या गावचा डॉक्टर, शेतीवर लिहिणारा पत्रकार, डिग्री झाल्यावर कॉलेजचं लॉगिन गेलेली मुलगी, हे सगळे बाहेरच राहतात. तुम्ही ठेवलेली एक फाईल त्यांच्यापर्यंत पोचते.

प्रश्न: मी सगळे पेपर रिसर्चगेटवर टाकलेत. पुन्हा विद्यापीठाच्या साइटवर कशाला? (प्राध्यापक, अमरावती)

उत्तर: सर, रिसर्चगेट ही संशोधकांची सोशल साइट चालवणारी बर्लिनची खासगी कंपनी आहे. २०१७ मधे दोन प्रकाशकांनी तिला कोर्टात खेचलं होतं आणि लोकांनी टाकलेले बरेच पेपर तेव्हा काढले किंवा झाकले गेले. ओळखी-पाळखीसाठी ठेवा, मीही बघते. पण कायमचा पत्ता, म्हणजे दहा वर्षांनीही तीच लिंक उघडणार याची जबाबदारी, ती लायब्ररीच घेते. एकदा रिपॉझिटरीत टाका आणि रिसर्चगेटवर त्याची लिंक द्या, झालं.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी केली. सहा वर्षं वस्त्या-तांडे फिरून गोळा केलंय सगळं. आता विद्यापीठ म्हणतंय प्रबंध शोधगंगेवर जाणार. मैत्रिणी म्हणतात, टाकू नकोस, लोक उचलतील आणि स्वतःच्या नावावर खपवतील, आधी पुस्तक काढ. खूप घाबरलेय. (एक संशोधक, अंबाजोगाई)

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा वर्षांची पायपीट आहे, जीव तुटणारच.

आधी नियमाचं सांगते. २००९ पासून यूजीसीच्या नियमात पीएचडीच्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यायची हे आलंय आणि २०१६ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमात तर ती इन्फ्लिबनेटला द्यायची आणि सगळ्या संस्थांना बघता आली पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे टाकायचा की नाही हा तुमच्या हातातला विषय नाही. हातात आहे ते कधी आणि कसा. पुस्तकाचं प्रकाशकाशी खरंच बोलणं झालं असेल तर त्यांचं पत्र जोडून काही महिने प्रबंध झाकून ठेवावा असा अर्ज रजिस्ट्रारकडे आणि लायब्ररीत द्या, कारण लिहा, मुदत लिहा. नुसतं "पुढे कधीतरी पुस्तक काढायचंय" यावर अर्ज करू नका. आणि प्रबंध जसाच्या तसा पुस्तक होत नाही हेही खरंय, तो पुन्हा लिहायला लागतो, त्यामुळे चांगला प्रकाशक शोधगंगेवर आहे म्हणून नाही म्हणत नाही.

आता चोरीचं. चोरी होते, मी नाकारत नाही. पण मी पाहिलेल्या चोऱ्या बहुतेक त्या प्रबंधांच्या होत्या जे कोणीच बघू शकत नव्हतं, विद्यापीठाच्या कपाटात एक कॉपी, विभागात एक कॉपी, विभागातल्या कॉपीवरून टाइप करून घेतलं की कोणाला पत्ता लागणार? प्रबंध उघड्यावर असला की तुमचं नाव, वर्ष, पान सगळं तारखेसकट जगासमोर आहे, आणि विद्यापीठांना इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून २०१९ पासून जे साहित्यचोरी तपासायचं सॉफ्टवेअर मिळतंय ते नवीन प्रबंध अशाच खुल्या मजकुराशी ताडून बघतं. फक्त एक अट, तुमची फाईल मशीनला वाचता आली पाहिजे. ते मी पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय, तुम्ही ते नक्की वाचा.

मला तुमच्या चोरीपेक्षा दुसरीच काळजी वाटते, ती त्या बायकांची. ज्या ओवीत सासूचं, नवऱ्याच्या माराचं, माहेरच्या जमिनीच्या भांडणाचं आलंय, ती ओवी गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट आता तिच्या नातवाच्या मोबाइलवर उघडणार आहे. तुम्ही रेकॉर्ड करताना त्यांना "पुस्तकात येईल" एवढं सांगितलं असेल, इंटरनेटचं सांगितलं होतंत का? अपलोड व्हायच्या आधी जमेल तितक्यांना फोन करा, भेटा. काहीजणी म्हणतील नाव राहू दे, अभिमानानं म्हणतील. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर गाणारीच्या नावासकट, गावासकट, कितीतरींच्या फोटोसकट वाचायला मिळतात, आणि ते योग्यच आहे कारण ती रचना त्यांची आहे, त्यांचं नाव पुसून फक्त संशोधकाचं ठेवणं हाही एक अन्यायच. पण ज्या नको म्हणतील त्यांचं नाव बदला, गावाऐवजी तालुका लिहा, आणि परिशिष्टात फोन नंबर किंवा घरचे पत्ते असतील तर ते कोणी सांगायची वाट न बघता काढा. मी अपलोड करताना परिशिष्टात माहिती देणाऱ्यांचे मोबाइल नंबर असलेले प्रबंध पाहिलेत, परत पाठवलेत.

प्रश्न: माझा मराठीतला प्रबंध २००६ चा, श्री-लिपीत टाइप केलेला. जुनी फाईल सापडली म्हणून विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत टाकायला दिली. पीडीएफ उघडल्यावर सुंदर दिसतो, पण गूगलवर माझं शीर्षक टाकलं तर काही येत नाही. कॉपी-पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. काय बिघडलंय? (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर: सर, बिघडलं काही नाही, पण दुखणं मोठं आहे आणि ते एकट्या तुमचं नाही, माझ्या मते १९९० ते २०१० या काळात टाइप झालेल्या बहुतेक मराठी प्रबंधांचं आहे. श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएमचे योगेश-सुरेख हे जे फॉन्ट होते त्यात कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा नंबरच साठवला जायचा, वरून चित्र तेवढं मराठीचं दिसायचं. माणसाला मराठी दिसतं, मशीनला खिचडी. त्यामुळे गूगलला तुमचा प्रबंध मराठी आहे हेच कळत नाही, साहित्यचोरीच्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही, आणि स्क्रीनवाचक वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर काहीच ऐकू येत नाही. युनिकोडमधे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो म्हणून ते सगळीकडे मराठीच राहतं.

मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाईल आहे ना, मग निम्मं काम झालं. फॉन्ट युनिकोडमधे बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, तुमचा नेमका फॉन्ट कुठला ते आधी बघा कारण एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. बदलून झालं की डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमधे दोन्ही बरोबर उलट, त्यामुळे "स्थिती", "मार्मिक", "निर्मिती" असले शब्द हमखास फुटतात. "दुसऱ्या", "कुऱ्हाड" मधला अर्धा र बघा, तो दोन तऱ्हांनी साठवला जातो आणि शोधताना एक तऱ्हा दुसरीला सापडत नाही. "ॲ" चंही तसंच, दिसायला एकच पण एक सलग अक्षर आणि एक अ वर चंद्र दिलेलं. सगळीकडे एकच तऱ्हा ठेवा. जुनी छापील कॉपी शेजारी घेऊन पान पान बघायला लागतं, मी एका माणसाबरोबर बसून २८० पानं केली होती, तीन आठवडे लागले रोज संध्याकाळी, पण तळटीपा आणि संदर्भसूची नीट झाली.

आणि हात जोडून सांगते, दुरुस्त झालेल्या फाईलची प्रिंट काढून ती स्कॅन करून देऊ नका! हे फार लोक करतात, सही-शिक्क्याची पानं स्कॅन करायची म्हणून अख्खा प्रबंधच स्कॅन करतात आणि सगळी मेहनत पुन्हा चित्र होऊन बसते. सहीचं पान तेवढं स्कॅन करा, बाकीचं वर्डमधून थेट पीडीएफ.

ज्यांच्याकडे फाईल नाहीच, फक्त काळं बाइंडिंग आहे आणि मागच्या खिशात सीडी, त्यांनी सीडीवर आशा ठेवू नये. आम्ही एकदा लायब्ररीत जुन्या सीड्या चालवून बघितल्या तेव्हा कितीतरी उघडल्याच नाहीत, काहींवर बुरशी होती, एका बाईंची सीडी रिकामीच निघाली आणि त्यांच्याकडे दुसरी कॉपी नव्हती, त्या खुर्चीत बसून राहिल्या, मला काय बोलावं ते सुचेना. तर छापील कॉपी ३०० डीपीआयला स्कॅन करा, मग टेसरॅक्ट हे फुकटचं ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर वाचून काढणारं सॉफ्टवेअर, आहे त्याला मराठी येतं, किंवा गूगल ड्राइव्हमधे टाकून गूगल डॉक्सने उघडली तरी मजकूर निघतो. चुका राहतील. एवढंही जमणार नसेल तर निदान शीर्षक, दोनशे-अडीचशे शब्दांचा सारांश आणि मुख्य शब्द हे हाताने युनिकोडमधे टाइप करून द्या, मराठीत आणि इंग्रजीतही. मुख्य शब्द लिहिताना "साहित्य", "समाज" असले ढोबळ लिहू नका, वाचणारा जे शोधेल ते लिहा. तुमचा विषय पन्हाळ्याच्या बाजूचा असेल तर पन्हाळा लिहा, धनगरी ओव्या असतील तर धनगरी ओवी लिहा. नावाचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा आणि ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी नंबर काढून घ्या, फुकट मिळतो. निवृत्त झाल्यावर कशाला असं म्हणू नका सर, एकाच नावाचे चार पाटील रिपॉझिटरीत असतात.

प्रश्न: माझे सासरे इतिहासाचे प्राध्यापक होते, २०११ मधे गेले. १९७० च्या दशकातले त्यांचे बरेच लेख मराठी त्रैमासिकांत आहेत, काही त्रैमासिकं बंद पडलीत. त्यांच्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत हे लेख द्यावेत असं आम्हाला वाटतं. पण हक्क कोणाचा? त्रैमासिकाचा की आमचा? (गृहिणी, सातारा)

उत्तर: ताई, असा प्रश्न कोणी सुनेने विचारला याचा मला फार आनंद झाला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीने द्यायला लागतो. मराठी त्रैमासिकांत लेख जायचा तो पोस्टकार्डावरच्या ओळखीवर, करार वगैरे क्वचितच. सासरे त्या त्रैमासिकाचे पगारी नोकर नव्हते आणि काही लिहून दिलेलं नव्हतं, तर लेखाचा हक्क त्यांचाच, आणि त्यांच्यानंतर वारसांचा. एकट्या तुमचा किंवा मिस्टरांचा नाही हं, सगळ्या वारसांचा, म्हणजे सासूबाई, दीर, नणंदा. एका कागदावर लेखांची यादी, "हे लेख विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत सर्वांना वाचायला खुले ठेवायला आमची संमती आहे" एवढं वाक्य आणि सगळ्यांच्या सह्या. गणपतीला सगळे जमतात तेव्हा उरकून घ्या. त्रैमासिक चालू असेल तर संपादकांना पत्र टाका, हक्कासाठी नाही, मानासाठी, शिवाय त्यांच्याकडे चांगल्या प्रती असतात.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजायचं पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. म्हणजे दा. ध. कोसंबी १९६६ मधे गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२७ ला मोकळं, इरावती कर्वे १९७० मधे गेल्या, त्यांचं १ जानेवारी २०३१ ला. तुमच्या सासऱ्यांचं २०७२ ला होईल. तोपर्यंत थांबलात तर तो कागद राहायचा नाही, ७० च्या दशकातला वर्तमानपत्री कागद आत्ताच हातात तुटतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीने जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, ती एकदा बघा म्हणजे कसं दिसतं ते कळेल.

लेख सुटे करण्यासाठी अंक फाडू नका, बाइंडिंग उलगडू नका. प्रत्येक लेखाबरोबर त्या अंकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका पण स्कॅन करा कारण वर्ष आणि अंक नंबर तिथेच असतो, लेखाच्या पानावर बहुतेक नसतो. आणि सासूबाईंना शेजारी बसवा, समासात पेन्सिलीने सासऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या असतील तर त्या त्यांच्याच हातच्या आहेत का हे त्याच सांगू शकतील, ती पानं रंगीत स्कॅन करून घ्या.